जेवणाची सुट्टी

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली सुरू झाली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या आणि बहुतेकींनी वेळ धरली ती संध्याकाळी सहा-साडेसहाची. तोवर कचेऱ्या सुटलेल्या असतात आणि रात्रीची पानं मांडायला अजून अवकाश असतो. व्याख्यानाची वेळ जेवणाने ठरवली आणि जेवणाची वेळ कचेरीने. आजच्या व्याख्यानाचा विषय यातल्या दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहे. माणसं रोज काय खातात याबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती केव्हा खातात, किती वेळा खातात, बसून खातात की उभ्याने, आणि खाण्यासाठी लागणारा वेळ त्यांना कोण देतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

आपल्याला आपली जेवणाची वेळ निसर्गाने नेमून दिल्यासारखी वाटते. सकाळी चहा-नाश्ता, दुपारी एकला डबा, रात्री नऊला जेवण. घरात कुणी याची चर्चाही करत नाही. पण थोडं मागे गेलं किंवा थोडं दूर गेलं की हे वेळापत्रक विस्कटतं, आणि दर वेळी त्यामागे एक हात दिसतो : उजेडाचा, कामाचा, मालकाचा किंवा सरकारचा. रोजच्या जेवणाचा इतिहास हा मुख्यतः श्रमाच्या वेळेचा इतिहास आहे, हे या व्याख्यानाचं म्हणणं आहे.

हिशेबातली भाकरी

हा इतिहास शोधायला बसलं की पहिली अडचण कागदपत्रांची येते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या भोगांचं वर्णन करताना त्यात मांडे, वडे, पुऱ्या आणि मांसाचे कितीतरी प्रकार कृतीसकट येतात. त्याच राज्यातला नांगरकरी भर दुपारी बांधावर बसून काय खात होता, हे सांगायला असा ग्रंथ कुणी रचला नाही. मेजवान्या लिहिल्या गेल्या. रोजचं जेवण इतकं रोजचं होतं की ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

साध्या माणसाचं जेवण कागदावर येतं ते हिशेबाच्या निमित्ताने. आजच्या इराकमध्ये उरुक नावाचं प्राचीन शहर होतं. तिथल्या उत्खननात मातीची ओबडधोबड वाडगी ढिगांनी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातली आहेत, बिननक्षीची, जवळपास एका मापाची. मजुरांना रोजचा शिधा मोजून देण्यासाठी ती असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते त्यांत पाव भाजले जात. याच शहरात माणसाने लिहायला सुरुवात केली, आणि तिथल्या सुरुवातीच्या खुणांमध्ये माणसाचं डोकं आणि त्याच्यापुढे वाडगं अशी एक खूण आहे. ती शिध्यासाठी वापरली जाई.

इजिप्तमध्ये फारोंची थडगी खोदणारे कारागीर देर एल-मदिना या वस्तीत राहत. त्यांना पगार नाण्यांत मिळत नसे, धान्यात मिळे : महिन्याला चार खार गहू आणि दीड खार सातू. एक खार म्हणजे सुमारे 76 लिटर. गव्हाचा पाव व्हायचा, सातूची बीअर. घर चालायचं ते मुख्यतः यावर. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 1157 च्या सुमारास, हा शिधा थकला. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि जवळच्या देवळामागे जाऊन ते बसून राहिले. भूक आणि तहान यांमुळे आपण इथे आलो आहोत, हे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. कारकुनाने ते लिहून ठेवलं. तो पपायरस आज इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगात नोंदला गेलेला पहिला संप तो हाच, आणि तो रोजच्या भाकरीसाठी होता.

सूर्याचा अंमल

दिवाबत्ती महाग होती तोवर जेवणावर सूर्याचा अंमल होता. प्राचीन रोममध्ये सकाळी पावाचा तुकडा, दुपारी थंड काहीतरी आणि मुख्य जेवण दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे आपल्या घड्याळाने दुपारी अडीच-तीनच्या सुमारास, अशी रीत होती. श्रीमंताघरी ते रात्रीपर्यंत लांबे, कारण दिव्यांना तेल घालायला त्याच्याकडे पैसा होता. गरिबाची अडचण वेगळीच होती. तो चार-पाच मजली इमारतीत वरच्या खोलीत राही आणि तिथे चूल पेटवायला जागा नसे. रोमन राज्य नागरिकांना महिन्याला पाच मोदियस, सुमारे 33 किलो, धान्य देत असे. आधी स्वस्तात आणि इ.स.पू. 58 पासून फुकट. पण धान्य हे जेवण नव्हे. ते दळायचं कुठे आणि भाजायचं कुठे? पुढे तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियनने धान्याऐवजी तयार पाव वाटायला सुरुवात केली.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई शहर ही अडचण डोळ्यांसमोर आणतं. तिथे तीसहून अधिक बेकऱ्या सापडल्या आणि शेकड्याच्या वर अशी दुकानं, ज्यांच्या दगडी ओट्यात अन्नाची भांडी बसवलेली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबावं, उभ्याने खावं आणि पुढे जावं. 2020 च्या डिसेंबरात असंच एक दुकान पूर्ण उकरल्याचं जाहीर झालं. त्याच्या मडक्यांत बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष होते. घरी चूल नसलेल्या माणसाचं हे जेवणघर होतं.

सूर्याचा हा नियम काही परंपरांनी धर्म म्हणून पाळला. बौद्ध भिक्षूंनी मध्यान्हानंतर अन्न घेऊ नये असा विनयाचा दंडक आहे, आणि श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधले भिक्षू तो आजही पाळतात. जैनांनी रात्रीचं भोजन वर्ज्य केलं. अंधारात दिव्याभोवती जमणारे जीव अन्नात पडून मरतात, हे त्यामागचं कारण. मुंबईत पेढीवर बसलेल्या कित्येक जैन व्यापाऱ्यांचा संध्याकाळचा डबा सूर्य मावळायच्या आत दुकानात येतो. धंद्याचं घड्याळ एकीकडे आणि व्रताचं दुसरीकडे असताना त्यांनी व्रताचं घड्याळ राखलं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा दिवसही सूर्यावरच चाले. उजाडायच्या आत औत शिवारात जाई. उन्हं चढल्यावर घरधनीण डोईवर पाटी घेऊन न्याहारी पोचती करी : भाकरी, कोरड्यास, कांदा, ठेचा, एखाद्या गाडग्यात ताक. दुपारी झाडाखाली पुन्हा भाकरी आणि दिवेलागणीला घरचं जेवण. न्याहारी दहाच्या सुमारास होई, कारण तोवर बैलांनाही विसावा लागे. कामाची लय, जनावराची लय आणि पोटाची लय इथे जुळत होती. पुढच्या काळात ही जुळणी तुटली.

दिव्याची वात लांबली तशी

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवसाचं मुख्य जेवण सकाळी अकरा-बाराला होत असे. सतराव्या शतकात लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स आपल्या रोजनिशीत पुन्हा पुन्हा दुपारच्या जेवणाची नोंद करतो. अठराव्या शतकात वरच्या वर्गाचं हेच जेवण तीन-चारवर सरकलं. एकोणिसाव्या शतकात ते संध्याकाळी सात-आठला होऊ लागलं. 1812 मध्ये लंडनला गॅस पुरवणारी कंपनी उभी राहिली, रस्ते आणि घरं उजळली. कचेऱ्या घरापासून लांब गेल्या आणि दुपारी घरी येऊन जेवणं परवडेना. जेवण इतकं पुढे सरकल्यावर मधली पोकळी भरायला दुपारचं हलकं खाणं आलं, आणि 1840 च्या सुमारास उमराव घरांत चार-पाच वाजताचा चहा रूढ झाला.

गिरणी कामगाराच्या घरात चहा वेगळ्या वाटेने शिरला. नवरा-बायको दोघंही कारखान्यात, स्वयंपाकाला वेळ नाही, सरपण महाग. पाव, मुरंबा आणि साखर घातलेला गरम चहा हे झटपट होणारं जेवण झालं. मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी 1985 साली साखरेच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात याचा माग काढला आहे. ब्रिटनमध्ये 1800 साली माणशी वर्षाला सुमारे 8 किलो साखर खपत होती; 1901 मध्ये हा आकडा 40 किलोच्या वर गेला. इंग्रज कामगाराच्या पोटातली ही ताकद कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमातून आली होती.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी 1834 साली संपली, तेव्हा मळेवाल्यांनी माणसं हिंदुस्थानातून नेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कराराने बांधलेले मजूर मॉरिशसला उतरले. पुढच्या वर्षांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे मराठी कुटुंबंही तिथे गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. करारात मजुरीबरोबर तांदूळ, डाळ, तूप किंवा तेल आणि मीठ यांची मापं लिहिलेली असत. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत तिथे होती. लंडनच्या पेल्यात साखर पडावी म्हणून दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी ताट असं मोजलं जात होतं.

जपानचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथे पूर्वी दोन वेळा जेवत. सतराव्या शतकाच्या अखेरीला, गेन्रोकु काळात (1688 ते 1704), शहरांमध्ये तीन वेळा जेवण्याची चाल पसरली. दिव्याचं तेल आवाक्यात आलं होतं, कारागिरांचा आणि दुकानदारांचा दिवस लांबला होता. एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोक सडीच्या तांदळाचा पांढराशुभ्र भात खाऊ लागले आणि पाय सुजण्याचा, चालता न येण्याचा आजार त्या शहराच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गावी परतलं की तो बरा होई, कारण गावाकडे भातात सातू-बाजरीसारखी भरड धान्यं असत.

पांढरा भात हे गरीब शेतकऱ्याचं स्वप्न होतं, म्हणून आधुनिक जपानच्या लष्कराने भरतीसाठी तेच आमिष दाखवलं. 1882-83 च्या सफरीत ‘र्युजो’ या युद्धनौकेवरच्या 376 खलाशांपैकी 169 जणांना हाच आजार, म्हणजे बेरीबेरी, झाला आणि 25 दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये ‘त्सुकुबा’ ही नौका त्याच मार्गाने पाठवली. फरक फक्त खाण्यात केला : मांस, दूध, पाव वाढवले. कुणीही मेलं नाही. नौदलाने धडा घेतला. भूदल मात्र पांढऱ्या भाताला चिकटून राहिलं, आणि 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात सुमारे 27 हजार जपानी सैनिक बेरीबेरीने मेले. जे अन्न बक्षीस म्हणून वाढलं, त्यानेच त्यांचा जीव घेतला.

गिरणीचा भोंगा

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापली. पुढच्या तीस वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून हजारो माणसं गिरणगावात आली. शिवारात त्यांचं न्याहारीचं घड्याळ बैलांशी बांधलेलं होतं. इथे ते वाफेच्या इंजिनाशी बांधलं गेलं. इंजिन दमत नसे. उजेड फुटल्यापासून मावळेपर्यंत यंत्रं चालत आणि माणसाने सवड काढून, कापसाच्या धुळीत, साच्याजवळच भाकरी मोडावी अशी अपेक्षा असे.

या परिस्थितीविरुद्ध पहिला संघटित आवाज सत्यशोधक चळवळीतून उठला. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे तयार झालेल्या अर्जावर सुमारे 5500 कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या मोजक्या होत्या : रविवारची सुट्टी, कामाच्या तासांना मर्यादा, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, जायबंदी होणाऱ्याला भरपाई, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवारची सुट्टी जून 1890 मध्ये मिळाली आणि महाराष्ट्र लोखंडे यांना त्यासाठी आठवतो. त्या अर्ध्या तासाची आठवण तितकीशी ठेवलेली नाही. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने दुपारी अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक केलं. तेव्हापासून हिंदुस्थानातल्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

तरी दिवस लांबतच गेला. 1905 च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागले. सूर्य मावळल्यावर काम थांबायचं कारण उरलं नाही आणि काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांच्या पुढे गेला. त्यातच 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होती. जानेवारीतच हजारो गिरणी कामगारांनी नव्या वेळेवर काम करायला नकार दिला, दगडफेकही झाली. भोंगा 39 मिनिटं आधी वाजणार म्हणजे खोलीतली चूल तितकी आधी पेटणार, झोप तितकी मोडणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबईत जुनी वेळ त्यानंतरही 1955 पर्यंत टिकून राहिली.

घड्याळाने जेवण कसं हलतं याचं उदाहरण युरोपातही आहे. 1940 मध्ये फ्रँकोच्या राजवटीने स्पेनची घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जुळवली. नकाशावर स्पेन ग्रीनिचच्या रांगेत आहे. दुपारी दोन-तीनला आणि रात्री नऊ-दहाला जेवणारा देश म्हणून स्पेनची ओळख आहे. त्या उशिराचा काही भाग या सरकारी तासाचा आहे.

मुंबईच्या कामकऱ्याने आपल्या परीने तीन वाटा काढल्या. पहिली डब्याची. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायची व्यवस्था उभी केली आणि मावळातल्या माणसांनी ती वाढवली. कोविडच्या आधी सुमारे 5000 डबेवाले दोन लाखांच्या घरात डबे नेत होते. कचेरी लांब गेली तरी घरचं अन्न कचेरीत पोचलं. पण डबा नवाला दारातून निघायचा तर ज्या हातांनी तो भरला ते पहाटेपासून राबत होते, हे त्या वाहवा झालेल्या व्यवस्थेच्या वर्णनात क्वचित येतं.

दुसरी वाट खानावळीची. एकेका खोलीत पाळी लावून झोपणाऱ्या पुरुषांना गिरणगावातल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. पाळी तीन प्रकारची, म्हणून जेवणंही तीन वेळांची. संपाच्या काळात याच बायकांनी उधारीवर ताटं वाढली, दागिने गहाण टाकून किराणा भरला. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खानावळवाल्यांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना बांधली आणि सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या संपांचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची भाषणं नोंदली जातात. ज्या चुलींवर संप टिकला त्यांची नोंद थोडीच आहे.

तिसरी वाट उभ्याने खाण्याची. चहाच्या खपासाठी सरकारने 1903 मध्ये उपकर बसवून प्रचाराचा निधी उभारला आणि पुढे कारखाने, खाणी, रेल्वे स्थानकं इथे चहाचे ठेले उभे राहिले. आज घरोघरीचा वाटणारा चहा अशा ठरवून केलेल्या प्रचारातून आला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली. गाडी आणि पाळी यांच्यामधल्या पाच मिनिटांत, ताटाशिवाय, हात न धुता पोट भरणारं हे अन्न. पाँपेईच्या दगडी ओट्यासमोर उभं असलेलं गिऱ्हाईक आणि दादरच्या गाडीसमोरचं, दोघांचीही नड एकच होती.

सरकार ताट वाढतं तेव्हा

जेवणाची वेळ मालक ठरवतो तशी सरकारही ठरवतं, आणि त्याचे परिणाम दोन टोकांचे झाले आहेत. चीनमध्ये 1958 च्या ‘मोठी झेप’ या सरकारी मोहिमेत गावोगाव सार्वजनिक भोजनालयं उघडली. घरातली भांडी गोळा केली गेली, कितीतरी ठिकाणी चुली मोडल्या गेल्या. बायकांना स्वयंपाकातून मोकळं करून शेतात आणि कालव्यांवर न्यायचं हा हेतू होता. पहिले काही महिने पोटभर मिळालं. मग साठे संपले. घरी चूल नाही, डब्यात दाणा नाही, आणि वाढपी कुणाला किती वाढणार हे गावच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. 1959 ते 1961 च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. 1961 मध्ये ही भोजनालयं गुंडाळली गेली. चूल हिरावून घेतल्यावर माणसाच्या हातात काही उरत नाही, हे या देशाने भयंकर किंमत देऊन पाहिलं.

दुसरं टोक शाळेतल्या जेवणाचं. ब्रिटनने 1906 मध्ये कायदा करून स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना गरीब शाळकरी मुलांना जेवण देण्याचा अधिकार दिला. फिनलंडने 1948 पासून सगळ्या शाळकरी मुलांना मोफत जेवण दिलं. जपानने 1954 मध्ये शालेय भोजनाचा कायदा केला. तिथल्या शाळांत मुलं पांढरे झगे आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गातच जेवतात. मद्रास राज्यात के. कामराज यांनी 1956 मध्ये शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना वाढवली.

देशपातळीवरची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, पण बहुतेक राज्यांनी मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडं धान्य ठेवलं. रोमन राज्याने जे शिकायला तीन शतकं घेतली, ते इथे न्यायालयाला सांगावं लागलं. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की धान्य नको, शिजवलेलं गरम अन्न द्या. तीन किलो तांदूळ घरी गेला की तो सगळ्या घराचा होतो. शाळेत शिजलेली खिचडी त्या मुलीच्या ताटात पडते, ठरलेल्या वेळी पडते आणि तिच्या शेजारी बसलेल्याच्या ताटातही तीच पडते. 2004 मध्ये न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्यायला सांगितलं. काही गावांत त्यांच्या हातचं खायला विरोध झाला, आजही होतो. महाराष्ट्रात अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली, तेव्हाही लढा याच पंगतीसाठी होता. मधल्या सुट्टीतली ती अर्ध्या तासाची पंगत सामाजिक दृष्ट्या किती मोलाची आहे, हे ताटातल्या उष्मांकांवरून कळणार नाही.

फ्रान्सने वेगळा विचार केला. 1894 च्या आदेशाने कामगारांना कामाच्या जागी जेवायला मनाई केली. धूळ आणि विषारी वाफा भरलेल्या कारखान्यांच्या खिडक्या दुपारी उघडता याव्यात, हवा बदलावी, हे त्याचं कारण. कामाच्या मेजावर जेवू देऊ नये हा नियम फ्रेंच कामगार कायद्यात पुढे टिकला. 2021 मध्ये कोविडच्या काळात तो तात्पुरता शिथिल करावा लागला, तेव्हा जगाला त्याची खबर लागली. फ्रेंच माणसाच्या निवांत जेवणाचं कौतुक करताना त्याच्या पाठीशी असलेला हा नियमही सांगायला हवा.

शेवटचं पान

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत जेवणारा होता तो बहुधा पगारी कामावर जाणारा माणूस. त्याच्या ताटामागचं श्रमाचं घड्याळ कुणी मोजलं? भारतात देशव्यापी वेळवापर पाहणी पहिल्यांदा 2019 मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ.

या तासांना कारखान्याच्या कायद्यातली दुपारची सुट्टी लागू नाही. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर, गरम पोळी संपल्यावर, भाजीच्या उरलेल्या रश्शावर जेवणारी बाई कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या घरात सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत : गरिबी, बाळंतपणं, आहारातली लोहाची कमतरता, जंत. शेवटी जेवणं हे एकटंच कारण नाही, पण ते दूर करायला पैसा लागत नाही.

आणि शहरात नव्या कामांनी जेवणाची सुट्टी पुन्हा पुसायला घेतली आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह हवं, असं सांगितलं. हे कारखान्याच्या फाटकाच्या आतलं. मोटारसायकलवरून दुसऱ्यांची जेवणं पोचवणाऱ्या मुलाची कामाची गर्दी नेमकी एक ते तीन आणि आठ ते दहा असते. त्याला स्वतःच्या जेवणाची वेळ उरत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई दोन घरांच्या मधल्या जिन्यात डबा उघडते. इमारतीचा रखवालदार बारा तासांच्या पाळीत खुर्चीवरून न उठता जेवतो, कारण त्या वेळात फाटकाशी दुसरं कुणी नाही. लोखंडे यांच्या अर्जावर अंगठे उठवणाऱ्यांपेक्षा या माणसांची स्थिती फारशी वेगळी नाही. फरक इतकाच की त्यांना एका फाटकाशी जमून अर्ज करता येत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांना विनंती आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडावा : कामाला येणाऱ्या प्रत्येकासाठी बसून जेवता येईल अशी जागा, पाण्याचा नळ, पंखा, आणि रखवालदाराला जेवणापुरता बदली माणूस. घरी येणाऱ्या बाईंना त्यांच्या जेवणाची वेळ विचारावी आणि ती वेळ कामातून वगळावी. गावच्या शाळेत जाऊन दुपारच्या पंगतीत मुलांबरोबर एकदा बसावं, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन वेळेवर मिळतं का ते विचारावं. आणि आज रात्री घरी गेल्यावर सगळी पानं एकदम वाढावीत, वाढणारीचंही त्याच वेळी.